हॅलोताईंची परदेशाची तयारी

पंपघरापाशी आम्ही पोचलो, तरी हॅलोताईंचा फोन म्हणत होता की आम्ही अजून पुलावरच आहोत.

"बघ," त्या म्हणाल्या, "हा आपल्या मागून रेंगाळत येतोय. पाय दुखत असतील बिचाऱ्याचे."

"की पुलावर कुणी ओळखीचं भेटलं?" मी म्हटलं.

"भेटलं असेल. पण परक्या गावात हा असा गप्पा मारत मागं राहिला, तर मी कुणाला विचारू?" असं म्हणून त्यांनी कठड्यावर टेकून ते नकाशाचं ॲप काढून टाकलं. नापास.

कालव्याच्या काठाकाठाने पंपघरापर्यंत जायचं आणि परत यायचं, हा आमचा कैक वर्षांचा रस्ता. पण ताईंचं परदेशी जायचं ठरल्यापासून आमचं फिरणं राहिलं बाजूला आणि तिथं परीक्षाच सुरू झाली. घरातून निघतानाच ताई फोनचं इंटरनेट बंद करत आणि वाटेत एकेक ॲप उघडून बघत. नकाशा चालतो का, तिकिटाची प्रत उघडते का, औषधाची वेळ झाली की घंटा वाजते का. लाइन नसताना जे उपयोगी पडेल ते बरोबर न्यायचं, बाकीचं इथंच. मी एकदा म्हटलं, "ताई, देवाचं काहीतरी घाला ना फोनमध्ये. प्रार्थनांचं ॲप असतं." तर म्हणाल्या, "त्याला कशाला ॲप? त्याला इंटरनेटही लागत नाही आणि व्हिसाही." मी हसले, पण मनातून पटलं.

'हॅलोताई' हे नाव त्यांना इस्पितळाने दिलं. मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी सगळी नोकरी केली. आधी तारा भोकात खुपसायचा बोर्ड होता, मग बटणांचा आला, शेवटी कॉम्प्युटर. त्यांची कामाची रीत मात्र बदलली नाही. कुणालाही लाइन देण्याआधी त्या स्वतः तिच्यावर बोलून बघत, "हॅलो, हॅलो," आणि आपला आवाज स्वच्छ गेला की मग जोडत. जोडलं की लगेच कान काढायचा. बोर्डावर येणाऱ्या नव्या मुलीला त्या पहिल्या दिवशी हेच शिकवत. "आपण दार उघडायचं. आत जाऊन बसायचं नाही." त्या नेहमी म्हणत, "अख्ख्या इस्पितळाची भांडणं माझ्या हातून गेली, पण एकाचाही शेवट मला ठाऊक नाही."

लग्न त्यांनी केलं नाही. आई लवकर गेली, धाकटा भाऊ त्यांच्याच हाताखाली वाढला. त्याचे केस त्यांनी कापले, शाळेच्या फीपासून शर्टाच्या बटणापर्यंत सगळं त्यांनीच बघितलं. तो शिकून परदेशी गेला, तिथल्याच बाईशी लग्न केलं, तिथलाच झाला. नवरा-बायकोचा संसार सगळा तिच्या भाषेत. भावजय स्वभावाने चांगली, पण मराठीतलं तिला 'पाणी' आणि 'झोप' याच्यापुढे काही येत नाही.

मग भावाच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. जिवावरचं जिभेवर निभावलं म्हणायचं. उजवा हात गेला आणि तिकडे शिकलेली ती सगळी भाषा गेली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. जुनी भाषा थोडी उरते, नंतरची पुसली जाते. त्याच्याकडे मराठी उरली होती, तीही तुटकी. घरात ती समजणारं कुणी नाही. भावजयीने ताईंना निरोप पाठवला होता, मशीनकडून मराठी करून. "तो बोलतो ते मला कळत नाही. मी बोलते ते त्याला कळत नाही. तो भिंतीकडे वळतो. तो माझ्यावर रागावला आहे का? तुम्ही या."

व्हिडिओ कॉल लावला की ताईंचा चेहरा दिसताच तो मान फिरवायचा. "भरून येतं त्याला," ताई मला सांगत. मलाही तसंच वाटायचं.

म्हणून ही सगळी तयारी. नवरा-बायकोला पुन्हा एकमेकांशी बोलता यावं, एवढ्यासाठी ताई चालल्या होत्या. बेत साधा होता. चांगलं भाषांतराचं ॲप न्यायचं, फोन त्या दोघांच्या मध्ये ठेवायचा, आणि आपण उठून दुसऱ्या खोलीत जायचं.

ताईंच्या घराखाली मोबाइलवाल्याचं दुकान आहे. पन्नाशीचा माणूस, जिभेला हाड नाही. ताईंनी फोन, टॅबलेट आणि रिटायर झाल्यावर घेतलेला जाडजूड लॅपटॉप असं सगळं त्याच्या काउंटरवर मांडलं, तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुम्ही चाललाय की दुकान हलवताय?"

"तू काम कर. लॅपटॉप न्यायचाच आहे, त्यावर अक्षरं मोठी दिसतात."

"मग प्रिंटर घ्या, टेबल घ्या, मलाही घ्या."

"तुला विमानात वजनाचे जादा पैसे पडतील," ताई म्हणाल्या. काउंटरपाशी उभी गिऱ्हाइकं हसली, आणि तो निमूट कामाला लागला.

भाषांतराची बरीच ॲप्स त्याने घालून दिली आणि ताईंनी एकेक तपासून बघितलं. एक 'बरं' म्हटलं की गप्पच बसायचं. एकाला इंटरनेटशिवाय मराठी येतच नव्हती. शेवटी एक निवडलं. ते बिनइंटरनेटचं चालायचं, आणि त्याची एक गोष्ट ताईंना फार आवडली. आपण बोललो ते आधी मराठीत लिहून दाखवायचं, मग त्या भाषेत बोलायचं. काय गेलं ते डोळ्यांनी दिसतं. ताई त्याच्याशी रोज बोलत. "हॅलो, आज त्याला भूक नाही." "हॅलो, उशी उंच कर." आणि ते अगदी शहाण्या मुलासारखं बिनचूक लिहायचं.

लॅपटॉपवर ताईंनी भावासाठी आणखी एक गोष्ट आपल्या मनाने घातली होती. लहान मुलांचा अक्षरओळखीचा खेळ. फुगा, घर, बदक. बरोबर उत्तर दिलं की बदक टाळ्या वाजवायचं. "पुन्हा पहिल्यापासून शिकवीन त्याला," त्या म्हणाल्या. आधी माझ्यावर प्रयोग झाला. बदकाने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि खोटं कशाला सांगू, मला मेलीला बरं वाटलं.

तर त्या दिवशी नकाशा नापास झाला, आणि दुसरा उतरवून घ्यायचा म्हणून ताईंनी पंपघरापाशीच इंटरनेट सुरू केलं. तोच भावजयीचा निरोप येऊन पडला. या वेळी लिहिलेलं नव्हतं, आवाज होता. खाली एवढंच लिहिलं होतं, "आज जेवताना तो हेच पुन्हा पुन्हा म्हणाला. काय म्हणतो?"

ताईंनी लावलं. पंपाची घरघर होती म्हणून आम्ही दोघी कान लावून वाकलो. आधी चमच्याचा आवाज. मग भावाचा. जाड, ओला, अडखळता. तोंडात घास असावा तसा.

ताईंनी चटकन ते निवडलेलं ॲप उघडलं आणि त्याला तो आवाज ऐकवला. त्याने काहीच लिहिलं नाही. पुन्हा ऐकवला. "कृपया पुन्हा बोला." तिसऱ्यांदा काहीतरी लिहिलं, ते 'ताट' आणि 'बारा' असं काहीच्या बाही होतं.

ताईंनी फोन खाली घेतला. मग म्हणाल्या, "अगं, मी रोज माझाच आवाज घालून बघत होते."

जन्मभराची सवय ती. आपला आवाज गेला की लाइन चांगली. पण इथं बोलायचं होतं त्याला. त्याचा आवाज त्यांनी एकदाही घालून बघितला नव्हता, आणि मीही रोज बरोबर असून माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय. तो बोलेल, ते मी मशीनला स्वच्छ सांगेन. मधे बसावंच लागेल." त्यांनी आवाज पुन्हा एकदा ऐकला, फोन तोंडाशी धरला आणि शांतपणे म्हणाल्या, "ताईला त्रास नको."

फोनने मुकाट्याने लिहिलं, ताईला त्रास नको. पाठवायचं बटण दाबायला त्यांनी बोट उचललं.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. असं मी कधी करत नाही. "ताई, तो 'त्रास' म्हणाला नाही."

"तेच म्हणतोय तो. माझी काळजी आहे त्याला."

"परत लावा."

त्यांनी लावलं. भाऊ म्हणत होता, "ताई... नको. ताई आली की... मी बारका. बारका होतो मी." मग थोडं थांबून, पुन्हा तेच.

पंप चालूच होता. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, दुसरं काय सुचणार. मला वाटलं होतं त्या चिडतील. आयुष्यभर ज्याच्यासाठी राबलं त्याने 'नको' म्हणावं आणि ते परक्या बाईला आपणच आपल्या तोंडाने सांगावं, ही काही सोपी गोष्ट नाही. गप्प राहिल्या असत्या तर जगात कुणाला कळणार होतं? त्याला सांगता येत नाही, तिला समजत नाही. आणि 'त्रास' हा शब्द घालताना त्या खोटं बोलत होत्या असंही नाही. प्रेमाच्या माणसाला ऐकू येतं ते असंच असतं. आपण त्याच्या वाक्यात आपल्या पदरचं घालतो आणि आपल्याला ते त्याचंच वाटतं.

"म्हणून मान फिरवत होता," ताई एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी लिहिलेलं पुसलं. फोन पुन्हा तोंडाशी धरला. "ताई नको. ताई आली की मी बारका होतो." आवाज बोर्डावरचा होता, सपाट आणि स्वच्छ. लिहिलेलं वाचलं आणि पाठवून दिलं.

आम्ही परत फिरलो. पुलाच्या अलीकडे उत्तर आलं. ताईंनी ते मलाच वाचायला दिलं, चष्मा काढलाय म्हणाल्या, पण तो डोळ्यांवरच होता. मशीनच्या मराठीत लिहिलं होतं, "म्हणजे तो माझ्यावर रागावला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुम्ही तरीही या. मी त्याला मोठा ठेवीन."

"मोठा ठेवीन म्हणे," ताई हसल्या, नाक पुसत. "मशीन असो नाहीतर ती असो, बोललं बरोबर आहे."

पुलाच्या कट्ट्यावर बसून त्यांनी मोबाइलवाल्याला फोन केला. "तो बदकाचा खेळ लॅपटॉपवरून काढायचा आहे. हो, कायमचा. आणि लॅपटॉप मी नेत नाही."

पलीकडून तो काहीतरी म्हणाला असावा, कारण ताई म्हणाल्या, "बदक तूच ठेव. तुझ्यासाठी दुसरं कोण टाळ्या वाजवणार?"

फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला. मी विचारलं, जायचं ना नक्की? म्हणाल्या, जायचं. पण बहीण म्हणून गेले तर पुन्हा 'त्रास' घालीन, ते माझ्या लक्षातही यायचं नाही, आणि तिथं मला थांबवायला तू नसशील. कान काढता येणार नसेल तर निदान जीभ तरी आपली ठेवायची नाही, एवढं शिकून जायला हवं.

"ते कसं शिकणार?" मी म्हटलं.

त्या माझ्याकडे वळल्या. "तू शिकवशील. उद्यापासून चालताना तोंडात सुपारीएवढं काहीतरी धर, आणि अडखळत बोल. मी ऐकेन आणि फोनला सांगेन. जसंच्या तसं."

"काय बोलू?"

"माझ्याबद्दल बोल. इतकी वर्षं बरोबर चालतेस, कधी राग आला असेल, कधी मी नकोशी झाले असेन. ते बोल. गोड करून नको, खरं बोल. एक शब्द मी इकडचा तिकडे केला की तिथंच थांबव मला. करशील एवढं?"