नववीचं वर्ष धरू नका

पुण्याहून न्यूझीलंडमधल्या अप्पर हटला आलो, तेव्हा आमच्या घरात मुलीच्या बडबडीपुढे कुणाचं काही चालत नसे. इथल्या नववीत गेली आणि ती गप्पच झाली. पहिल्याच आठवड्यात वर्गासमोर वाचताना तिचे उच्चार ऐकून काही मुलं हसली होती, हे मला फार उशिरा कळलं. त्यानंतर ती वर्गात उभीच राहीना. इथे गणितसुद्धा गटासमोर बोलून समजावून सांगावं लागतं. वहीत उत्तर बरोबर असायचं, पण गुण मिळायचे नाहीत.

दहावीत तिचा आवाज परत आला. श्रेय आमचं नाही, मागच्या गल्लीत राहणाऱ्या एका सामोअन मुलीचं. नेटबॉल खेळताना पाय मोडल्यामुळे तिचं नववीचं बरंचसं वर्ष हॉस्पिटलात आणि घरी पडून गेलं होतं. मागे पडलेल्या या दोघी आमच्या जेवणाच्या टेबलावर एकत्र गणितं सोडवायला लागल्या. एक समजावून सांगणार, दुसरी वाद घालणार. मी कुकर लावता लावता ऐकत असे. दहावी संपता संपता वर्गात या दोघींच्या पुढे फारसं कुणी उरलं नव्हतं.

आणि शाळेनं कळवलं, की अकरावीच्या प्रगत गणिताला दोघींनाही जागा नाही. नववी आणि दहावीचे गुण एकत्र करून सरासरी काढायची आणि ती ठरलेल्या रेषेच्या वर असेल तरच प्रवेश, असा शाळेचा नियम होता.

"अगं, साधं गणित घेऊ दे ना," नवरा म्हणाला. "नवीन देश आहे, लगेच भांडायला नको."

"कर भरताना आपण कुणालाच नवीन वाटत नाही," मी म्हटलं.

वेलिंग्टनच्या ऑफिसातून लवकर निघून, ट्रेन पकडून मी शाळेत पोचले. मुलगी दारातच उभी होती. इयत्तेच्या प्रमुख, म्हणजे डीनबाईंनी माओरीत "किया ओरा", म्हणजे नमस्कार, म्हणत आम्हाला बसवलं. बाई स्वभावानं चांगल्या होत्या, आणि चांगल्या माणसाशी भांडणं जास्त अवघड असतं.

"सरासरी सगळ्यांना सारखीच लागू होते," त्या म्हणाल्या. "याहून न्यायाचं काय असणार?"

मी म्हटलं, "मागच्या वर्षीचा ताप आणि आजचा नॉर्मल, दोन्ही मिळवून सरासरी काढलीत, तर आज धडधाकट असलेल्या मुलीलाही तुम्ही आजारी म्हणाल."

त्यांनी स्क्रीनवर मुलीची जुनी नोंद उघडली. मग म्हणाल्या, "ती तेव्हा नुकतीच परदेशातून आली होती. तिच्यापुरता अपवाद करता येईल."

मी थँक यू म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मुलीनं विचारलं, "आणि माझी मैत्रीण?"

"आज आपण तिच्याबद्दल बोलायला बसलेलो नाही."

"मग मला ती जागा नको."

मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. "अगं, आधी हो तरी म्हण, मग बघू," मी मराठीत कुजबुजले.

हल्ली घरीसुद्धा इंग्रजीत उत्तरं देणारी माझी पोरगी त्या खोलीत खणखणीत मराठीत म्हणाली, "आई, हे मला बिचारी म्हणून घेतायत. गणित येतं म्हणून नाही."

आधी मला तिचा राग आला. मग माझी मान आपोआप ताठ झाली. मी तिचं वाक्य बाईंना इंग्रजीत जसंच्या तसं ऐकवलं आणि वर म्हटलं, "या दोघींची आणि अजून ज्यांना हवं असेल त्या सगळ्यांची परीक्षा घ्या. गणित येतंय का ते बघा. नववीचं वर्ष धरू नका."

"मला वर विचारावं लागेल," त्या म्हणाल्या.

"विचारा. मी परत येईन."

आणि मी परत गेले, पुन्हा पुन्हा गेले. ट्रेनमध्ये भेटणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी कपाळाला हात लावला. "मिळत होतं ते सोडलंत?" त्यांच्याशी वाद घालायला मला सवड नव्हती. शेवटी सुट्टी लागायच्या आधी शाळेनं पेपर ठेवला, रेषेच्या खाली राहिलेल्या सगळ्यांसाठी. आमच्या दोघी बसल्या आणि दोघी आत गेल्या.

पहिली टर्म संपली आणि मैत्रिणीनं प्रगत गणित सोडून सुतारकामाचा विषय घेतला. "आंटी, मला गणित आवडतं, पण लाकूड खूपच जास्त आवडतं," ती मला म्हणाली. माझी मुलगी इतकी चिडली, की दोघींमध्ये अबोला झाला. "हिच्यासाठी मी जागा नाकारली होती!" मी म्हटलं, "तू तिच्यासाठी दार उघडायला लावलंस. आत थांबायचं की बाहेर यायचं, ते तिचं ती ठरवेल." हे तिला पटायला वेळ लागला. आता दोघी बोलतात.

नियम मात्र आहे तिथेच आहे. तो पेपर त्या एका वर्षापुरताच होता, असं आता शाळा सांगते. म्हणून या गुरुवारी मी पुन्हा वेळ मागितली आहे. मुलगी म्हणते, "आई, प्लीज, आपलं काम झालंय." नवऱ्यानं विचारलं, "या खेपेला कुणाच्या पोरासाठी?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "असेल कुणाचं तरी."