पांढऱ्या पडद्यासमोर मी

आमच्या दुकानात आजवर आलेलं सगळ्यात वाईट गिऱ्हाईक म्हणजे मी स्वतः. मी हे आपणहून सांगते, कारण मी नाही सांगितलं तर आमचे हे सांगतील, आणि त्यांना जरा वाढवून सांगायची सवय आहे.

वडगावात आमचा फोटो स्टुडिओ आहे. सासरचे सगळे मागावर साड्या विणणारे, त्यांच्यात मी एकटी कॅमेरेवाली. शिकवलं कुणी नाही; लोकांचे फोटो बिघडवत बिघडवत शिकले. पण नाव झालं ते स्थळाकडं पाठवायच्या फोटोंनी. उचगावपासून पार निपाणीपर्यंतच्या आया आपल्या मुलींना घेऊन माझ्याकडं यायच्या. मुलीचा चेहरा जरा तिरका, उजेड एका बाजूनं, हनुवटी खाली. आणि नंतर कॉम्प्युटरवर बसून डाग, वांग, डोळ्यांखालचं काळं मी हळूच पुसून टाकायची. (एकदा मुलाकडची मंडळी मुलगी बघून झाल्यावर तडक आमच्या दुकानात आली. "बाई, ह्या फोटोतली पोरगी कुठं असती? आमाला ती बघायची हाय." मी त्यांना चहा पाजला. लग्न त्याच पोरीशी झालं, आता दोन मुलं आहेत.)

तर झालं असं की माझी धाकटी, सुजाता, मस्कतला असते. पहिलं बाळंतपण, वीस दिवसांवर आलेलं. तिच्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळं त्या जाऊ शकत नव्हत्या. "आई, तू आलीस तर मला भ्या वाटणार न्हाय," एवढंच ती फोनवर म्हणाली, आणि तेव्हापासून मी घरात एका जागी बसेना. भाजी चिरता चिरता उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची, भाजी तशीच. जावयांनी व्हिसाचे सगळे कागद भरले. पासपोर्ट माझ्याकडं होताच. राहिला फक्त फोटो.

"फोटोची काळजीच न्हाय आई," जावई म्हणाले, "तुमचं तर घरचंच दुकान."

घोळ सुरू झाला तो इथून.

पहिल्यांदा मी ठरवलं, कुणाची गरजच काय? पांढरा पडदा लावला, कॅमेरा स्टँडवर ठेवला, दहा सेकंदांचा टायमर लावला, बटण दाबलं आणि स्टुलाकडं पळाले. पहिल्या फोटोत रिकामं स्टूल आणि माझ्या पदराचं टोक आलं. दुसऱ्यात मी बसलेली होते, पण पडद्याला एक चुणी दिसली म्हणून उठत होते. तिसऱ्यात कॅमेरा चालू झाला का ते बघायला मी भिंगाजवळ गेले होते. नाक फार स्वच्छ आलं होतं.

मग यांना हाक मारली. हे माग बंद करून आले, केसांत सुताचा भुगा.

"काय करायचं?"

"हे बटण दाबायचं."

"एवढंच?"

"एवढंच. पण आधी डावीकडचा दिवा जरा खाली घ्या."

यांनी दिवा खाली घेतला. बरोबर घेतला का ते बघायला मी उठले. मी उठले म्हणून यांनी दिवा सोडला. दिवा सोडला म्हणून मी ओरडले. मी ओरडले तेव्हा यांनी बटण दाबलं.

"अहो, मी बोलत असताना कशाला दाबता?"

"मग कवा दाबू? तू गप बसतीस कवा?"

एकतीस फोटो काढले. अठ्ठावीस फोटोंत माझं तोंड उघडं, हात पुढं, बोट दिव्याकडं. उरलेल्या तिनांत डोळे मिटलेले. हे थकून स्टुलावर बसले, आणि मी सवयीनं कॅमेऱ्यामागं जाऊन त्यांचा एक फोटो काढला. तो मात्र सुरेख आला. पण यांना मस्कतला पाठवून काय उपयोग!

"हे बघ," हे म्हणाले, "मी चार माग एकदम सांभाळतो. पन तू मला सांभाळवत न्हाईस. समोर जा की त्या बसूकडं."

आता हे यांनी इतक्या सहज म्हटलं, पण समोरच्या बसूचा स्टुडिओ म्हणजे माझ्या डोळ्यांतलं कुसळ. पोरगा माझ्या सुजाताच्या वयाचा. सहा वर्षांपूर्वी त्यानं आमच्या बरोब्बर समोर पाटी लावली, तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे "ऊन लई हाय" आणि "व्हय, लई हाय," एवढंच. त्याच्याकडं मी गिऱ्हाईक म्हणून जायचं? पण दिवस निघून चालले होते. सुजाता रोज विचारायची, "आई, पाठवलास का?" आणि मी रोज म्हणायची, "पाठवतेच."

शेवटी गेले. कुणी ओळखू नये म्हणून डोक्यावर पदर घेतला. मी डोक्यावर पदर घेतलाय हे बघायला सगळी गल्ली दारात येऊन उभी राहिली.

"आक्का, तुमी?" बसू उठूनच उभा राहिला. "कॅमेरा बिघडलाय काय?"

"कॅमेरा बरा हाय. व्हिसाचा फोटो पायजे. काढ लवकर, आणि कुणाला सांगू नको."

"दार उघडं हाय आक्का. समद्यांनी बघितलंय."

मी बसले. मान सवयीनं तिरकी केली, हनुवटी खाली घेतली.

"आक्का, सरळ बघा. स्वल्प हनुवटी वर."

"वर? वर घेतली की गळ्याच्या वळ्या दिसतात."

"व्हिसाला वळ्या चालतात."

"आणि उजेड असा सपाट का ठेवलास? एका बाजूनं ठेव. नाक बारीक दिसतं."

"बारीक न्हाय करायचं आक्का, जसं हाय तसं पायजे. आणि केस मागं घ्या. दोन्ही कान दिसायला पायजेत."

"माझे कान मी कुणाला दाखवत न्हाय रं."

"नियम हाय."

मी दिवा बघायला उठले. त्यानं मला बसवलं. मी पुन्हा उठले. मग तो अगदी नरम आवाजात म्हणाला, "आक्का, तुमचं गिऱ्हाईक असं उठलं तर तुमी काय म्हणता?" मी काय म्हणते ते मी इथं लिहिणार नाही. पण मी बसले. श्वास धरला. त्यानं एकच फोटो काढला.

फोटो बघितला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुणीतरी म्हातारी बाई रागानं माझ्याकडं बघत होती, दोन्ही कान बाहेर काढून. मी बराच वेळ बघितलं. मी म्हणाले, "पेनड्राइव्हवर दे. पाठवायचं मी बघते."

त्यानं तेव्हाच नको म्हणायला हवं होतं.

दुपारी मी आमच्या कॉम्प्युटरवर बसले. फक्त गालावरचा एक डाग काढायचा होता. तो काढल्यावर डोळ्यांखालचं काळं जास्तच दिसायला लागलं, म्हणून ते काढलं. मग कपाळावरच्या आठ्या उगीचच उठून दिसायला लागल्या. मग गळा. हात आपोआप चालत होता, मला खरंच वाटलं की मी काही फारसं केलेलं नाही. फोटो जावयांना पाठवला आणि मोकळी झाले. बॅग भरायला घेतली, डिंक आणला, लाडू वळले.

चौथ्या दिवशी जावयांचा फोन आला.

"आई, व्हिसाचा अर्ज परत आलाय. तुमचा फोटो आणि पासपोर्टवरचा फोटो जुळत न्हाय म्हणतात."

"जुळत न्हाय म्हणजे?"

ते जरा चाचरले. "दोन वेगळ्या बायका वाटतात म्हणे."

मी बोटांवर दिवस मोजले. चार दिवस फुकट गेले होते. (आणि खरं सांगायचं तर, त्यातच कुठंतरी मला जरा बरंही वाटलं. ते मी लगेच दाबून टाकलं.)

मग सुजातानं फोन घेतला. "आई, गालावरचा तीळ कुठं गेला तुझा?"

मी गाल चाचपला. तीळ जागेवर होता. फोटोतून मात्र जन्माचा तीळ मी पुसून टाकला होता आणि मला पत्तासुद्धा नव्हता.

"तू मला स्थळाकडं पाठवायचा फोटो पाठवलायस गं," ती म्हणाली. "मला आई पायजे." आणि ती रडायलाच लागली. "काल जरा दुखत होतं. डॉक्टरीण म्हणाली अजून वेळ हाय. पन तू ये ना लवकर."

भाकरीचं पीठ हाताला तसंच होतं. पदर खांद्यावरच होता, डोक्यावर घ्यायचं सुचलंच नाही. भर रस्त्यातून समोर गेले. बसू डबा खात होता.

"बसू, जेवण राहू दे. परत काढ."

"कशाला आक्का? तुमचा त्यो फोटो हाय की माझ्याकडं. मी काढून टाकला न्हाय."

"तोच पाठव. तुझ्याच मशीनवरनं पाठव. माझ्या हातात देऊ नको."

त्यानं फोटो उघडला. ती कानवाली बाई पुन्हा माझ्याकडं बघायला लागली. माझा हात पुढं सरकला, मी तो मागं घेऊन दुसऱ्या हातानं धरून ठेवला. तेवढ्यात हेही मागोमाग आले.

"तिला माउसजवळ येऊ देऊ नको रं," हे दारातूनच बसूला म्हणाले.

"न्हाय आप्पा. गेला बघा."

तिसऱ्या दिवशी व्हिसा आला. लाडू, अळीव आणि कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन मी गोव्याहून विमानात बसले. विमानात सगळे झोपले होते, मी मात्र पर्समधल्या आरशात बघत होते. तिथं उतरल्यावर पुन्हा जुळलं नाही तर? सुजाता बाहेर उभी असणार आणि मला आतूनच परत पाठवतील. पासपोर्ट तपासायच्या रांगेत माझा नंबर आला तसे मी केस कानांमागं घेतले, हनुवटी वर केली, वळ्या मोकळ्या सोडल्या, श्वास धरला आणि बसूच्या कॅमेऱ्याकडं बघितलं होतं तसंच त्या काचेमागच्या तरुण माणसाकडं रागानं बघितलं.

त्यानं कागद बघितला, मला बघितलं आणि शिक्का मारला. दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत.

पार बाहेरच्या काचेपलीकडं माझी पोर भलंमोठं पोट घेऊन हात हलवत होती. मी वेळेत पोचले होते, धावत सुटायला हवं होतं. पण मी त्या खिडकीशी जरा रेंगाळलेच. एवढ्या लांबून आलेली बाई मी. त्या फोटोतली बाई खरंच मीच का, अशी त्या माणसाला निदान एकदा तरी शंका यायला हवी होती.