शेवटच्या कडव्यातलं नाव

पीएच.डी.च्या मौखिकीच्या आधीची कामं मी डायरीत लिहून काढली होती: हॉल, प्रोजेक्टर, बाहेरच्या परीक्षकांसाठी नांदुरा स्टेशनवर गाडी, नाश्ता, निमंत्रणं. निमंत्रणं सगळ्यात सोपी म्हणून आधी उरकली. गायन पार्ट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पत्रिका टाकली, सोबत प्रबंधातली गाण्यांची आणि त्यांच्या कवींची यादीही. तेच अंगाशी आलं.

माझा विषय जिल्ह्यातल्या गायन पार्ट्यांची भीमगीतं. ज्युनिअर कॉलेजात शिकवत, घर सांभाळत सहा वर्षं घालवली आणि चाळीस गाणी जमवली. ती कुठे छापलेली नसतात, पण शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. कोणतं गाणं कोणाचं, हे मी त्या नावावरून ठरवलं होतं. अख्खं तिसरं प्रकरण त्यावर उभं होतं.

मौखिकीला तीन दिवस असताना सोनाळ्याहून एका बाईंचा फोन आला.

"मॅडम, सतरा नंबरचं गाणं तुम्ही जानेफळच्या गायकाच्या नावावर टाकलं. ते माह्या मालकानं लिहिलं हाय."

"पण ताई, शेवटच्या कडव्यात त्या गायकाचंच नाव आहे."

"तो गाते तवा त्याचं. माहे मालक गात तवा त्यायचं. नाव बदलाले कितीक वेळ लागते?"

पाठोपाठ वहीच्या पानाचा फोटो आला. पिवळं पान, तेच कडवं, नाव मात्र त्यांच्या नवऱ्याचं.

जानेफळला फोन केला. गायक हसले. "हो न मॅडम! कवी वारला का पार्टीवाल्याचं नाव येते. सगळेच टाकतात. तुम्ही कधी इचारलंच नाही."

माझ्या प्रश्नावलीत बावीस प्रश्न होते. हा नव्हता.

मार्गदर्शकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गप्प राहा. परीक्षकांचे अहवाल चांगले आलेत. सोनाळ्याहून कोण येतंय इतक्या लांब?"

पण मौखिकी खुली असते. कोणीही येऊन बसतं, कोणीही उठून विचारतं. आणि त्या आल्या. तिसऱ्या रांगेत, मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारी ती पिवळ्या पानांची वही. दोन प्रकरणं मी कशी मांडली ते आठवत नाही. नजर सारखी त्या पिशवीकडे जायची. तिसऱ्या प्रकरणाची स्लाइड आली आणि मी थांबले. सतरावं गाणं चुकलंय, कसं चुकलं, सगळं सांगून टाकलं. याला प्रामाणिकपणा म्हणता येणार नाही. त्या उठतील या धास्तीनेच मी आधी बोलले.

परीक्षकांनी चष्मा काढला. "मग उरलेल्या एकोणचाळीस गाण्यांचं काय?"

"तीही कडव्यातल्या नावावरूनच ठरवली आहेत," मी म्हणाले. निर्णयासाठी सगळ्यांना बाहेर बसवलं. बाई जवळ आल्या.

"मॅडम, माह्यामुळं तुमची डिग्री गेली काय?"

"माहीत नाही, ताई."

अर्ध्या तासाने निर्णय कळला: पदवीची शिफारस तूर्त नाही. प्रत्येक गाण्यासाठी पुन्हा घरोघरी विचारा, प्रकरण नव्याने लिहा, मग बघू. मार्गदर्शक माझ्याशी न बोलता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी अठरा नंबरचं गाणं खरं कोणाचं, हे विचारायला ते गाणाऱ्याला फोन लावला. रिंग वाजत होती, आणि पलीकडून कोणी उचलू नये असं मला वाटत होतं.