जावयाने बुजवलेली चर

सासूबाईंच्या अंगणाकडेची चर मी बुजवली. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. कारण विचारलं तेव्हा मी डास म्हणालो. खरं कारण माझी गाडी होती. अंगणात यायला चर ओलांडावी लागायची आणि गाडी खालून घासायची. वर्तकनगरला आमच्या सोसायटीत जिला मी रोज सकाळी फडक्याने पुसतो, तिला सासुरवाडीत रस्त्याकडेला बाभळीखाली उभी करणं माझ्या जिवावर येत होतं.

सासुरवाडी कल्याणच्या पुढे, मुरबाड रस्त्यावरून जरा आत. घरामागे माळाचा चढ, समोर अंगण, अंगणाच्या खालच्या टोकाला गोठा आणि गोठ्यापलीकडे भाताची खाचरं. माळावरून उतरणारं पावसाचं पाणी या चरीतून अंगणाला आणि गोठ्याला वळसा घालून खाचरात जायचं. पावसाळ्याआधी माझा मेव्हणा कुदळ घेऊन ती साफ करायचा. मला ती उघड्या गटारासारखी दिसायची.

मी चरीत डेब्रिज टाकलं आणि तिच्यासकट सगळ्या अंगणाला सिमेंटचा कोबा करून घेतला. घरात पाणी शिरू नये म्हणून उतार बाहेरच्या बाजूला काढायला लावला. त्या बाजूला गोठा आहे हे मला दिसत होतं. पण गोठा मला बाहेरचाच वाटायचा.

मेव्हण्याने एकदाच विचारलं, "भाऊजी, मग पाणी जाईल कुठं?"

"जाईल रे. पाणी आपली वाट शोधतंच."

मग त्याने आईकडे बघितलं आणि कुदळ उचलून आत नेऊन ठेवली. त्या घरात जावयाला नाही म्हणायची पद्धत नाही. माझ्या ताटात भाकरी संपायच्या आत दुसरी पडते, आणि मी हवामानावर बोललो तरी सगळे मान डोलावतात. इतकी वर्षं मला वाटायचं, माझं बोलणं त्यांना पटतं.

पावसाळ्यात आम्ही रविवारी जायचो. दुर्गाडीचा पूल ओलांडला की बायको आईला फोन करून सांगायची, आम्ही आलोच. पोचल्यावर गाडी दिमाखात अंगणात यायची. मी छत्री घेऊन गोठ्यापर्यंत चक्कर मारायचो. आत जमिनीवर कोरडा पेंढा, त्यावर म्हैस. ती गाभण होती. त्या घरातली एकुलती एक म्हैस, आणि सासूबाईंनी लहान पारडी असल्यापासून हाताने वाढवलेली.

"बघा, कसं कोरडं ठणठणीत आहे," मी म्हणायचो.

"तर काय," सासूबाई म्हणायच्या.

श्रावणात एकदा मुरबाडला ऑफिसचं काम निघालं आणि ते दुपारीच आटोपलं. परतताना मी एकटाच सासुरवाडीला वळलो. फोन केला नाही. गाडी कोब्यावर चढवली आणि समोर पाहिलं, तर पडवीत जिथे माझी खुर्ची मांडतात तिथे म्हैस बांधलेली होती. शेजारी गोणपाटावर सासूबाई बसलेल्या. भिंतीशी त्यांचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं. गोठ्यात मेव्हणा घोटाभर पाण्यात उभा राहून घमेल्याने पाणी उपसत होता. कोब्यावरून पाण्याचा लोंढा थेट त्याच्या पायांकडे चालला होता. उतार अगदी बरोबर काढला होता.

सासूबाई गडबडीने उठल्या. "फोन नाय केलात?" मला एवढंच विचारून त्यांनी मुलाला हाक मारली, "अरे, पावनं आलेत. म्हस आत ने."

आणि माझ्या डोळ्यांदेखत तो धावत आला, दावं सोडलं आणि पाण्याने भरलेल्या गोठ्याकडे म्हशीला ओढू लागला. त्याला सवयच झाली होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हैस पडवीत राहत होती, सासूबाई तिच्यापाशी झोपत होत्या, आणि रविवारी माझ्या मानासाठी तिला गोठ्यात उभं केलं जात होतं. पाणी उपसून पसरलेला कोरडा पेंढाही माझ्यासाठीच होता.

मी "राहू दे" म्हणेपर्यंत कोब्यावरच्या शेवाळाने तिचा पाय सरकला. पुढचे गुडघे दुमडून ती बसली आणि कुशीवर कलंडली. तिला व्यायला थोडेच आठवडे राहिले होते. सासूबाई भर पावसात खाली बसल्या आणि तिच्या पोटावर हात ठेवून वाट बघू लागल्या. मेव्हणा दावं धरून उभा. मी छत्री उघडून उभा. ती म्हशीवर धरावी की सासूबाईंवर, हे मला ठरवता येईना, त्यामुळे ती माझ्याच डोक्यावर राहिली.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "हललं." म्हैस उठली, लंगडत पडवीत गेली. मग सासूबाई माझ्याकडे वळल्या. "चहा टाकू ना?"

घरी येऊन मी बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पुलावरून फोन कशाला करत होते मी? गाभण म्हैस हलवायला वेळ लागतो, अहो."

"मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं. मग तुम्ही समजूतदारपणे ऐकून घेतलं असतं आणि महिनाभर तोंड पाडून बसला असतात. त्यापेक्षा म्हैस हलवणं सोपं."

पुढच्या रविवारी मी माणसं नेऊन चरीच्या जागेचा कोबा फोडला आणि चर मोकळी केली. मेव्हण्याला बाकीचा कोबा हवा होता, त्याची बाईक लावायला तो बरा पडत होता. तेवढा ठेवला. म्हशीसाठी रबरी मॅट नेली, पेंडीचं पोतं नेलं. म्हैस काही बोलली नाही. सासूबाईंसमोर मात्र मी "माझ्यामुळे" एवढा शब्द काढला की त्या कानाला हात लावायच्या. "जावयाने असं बोलू नये. आम्हाला पाप लागतं." आधी त्यांना त्रास दिला, आता पाप देत होतो. पडवीत माझी खुर्ची पुन्हा मांडली गेली. मी तिच्यावर कसाबसा बसायचो आणि म्हशीच्या लंगड्या पायाकडे बघायचो. तिचं पारडू धडपणे जगेल का, हा प्रश्न मी कुणाला विचारू शकत नव्हतो, आणि मला कुणी विचारत नव्हतं.

गणपती झाल्यावर ती व्याली. मी निरोप मिळताच गेलो. गोठा खरोखरच कोरडा होता. पारडू थरथरत उभं होतं आणि सासूबाई त्याचं तोंड आचळाला लावत होत्या. म्हैस आणि पारडू, दोघंही धड होती. दूध देणारी पारडी व्हावी ही घरातल्या सगळ्यांची इच्छा मात्र राहून गेली होती.

"रेडा झाला," माझ्याकडे न बघता सासूबाई म्हणाल्या. "यात तरी तुमचा हात नाय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी मला मारलेला तो पहिला टोमणा. त्या स्वतःच दचकल्या, पदर सावरून काहीतरी सारवासारव करू लागल्या. मला मात्र एकदम मोकळं वाटलं. जावयाला टोमणा मारता येतो, म्हणजे त्याची माफीही ऐकता येत असणार. त्यांनी कानाकडे हात नेला, पण मी थांबलो नाही.

"आई, चर मी गाडीसाठी बुजवली. डासांचं खोटं सांगितलं. म्हशीला लागलं, तुम्हाला पडवीत झोपावं लागलं. आणि हे सगळं मला तोंडावर सांगता येऊ नये, असा मी या घरात वागत आलो. माझं चुकलं. मला माफ करा."