चार ओळींची पोच

आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांत मिळून सगळ्यात वाईट कविता कोण करत असेल, तर ते माझ्या ताईचे चुलत सासरे. आणि सगळ्यात जास्त वाचला गेलेला कवी कोण असेल, तर तेही तेच. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला कशा जमल्या, हे मराठी घेऊन बीए झालो तरी मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. ताई त्यांना मामा म्हणायची, म्हणून आम्हीही मामाच म्हणायचो. ते मात्र मी कॉलेजात असल्यापासून मला ‘पावणं’ म्हणत आणि ‘तुमी’च्या खाली कधी उतरत नसत. सुनेचा भाऊ म्हणजे पाहुणा, मग त्याला मिसरूड फुटलेलं असो वा नसो.

मामांचं निरगुडसरला पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करून, म्हणजे आतली तांब्याची तार नव्यानं भरून द्यायचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात शेजारच्या एका गावातला मुलगा बारावीच्या निकालानंतर कुणाला काही न बोलता जिवानिशी गेला. त्याच्या बापाची मोटार मामांकडे दुरुस्तीला होती. दोन महिन्यांनी बाप ती न्यायला आला, मोटारीवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, “त्यानं मला काय सांगितलंच न्हाई वो.” मामांनी हे ऐकलं आणि त्या दिवसापासून कविता करायला घेतली. दुसरा एखादा माणूस भजनाला लागला असता. मामा दुरुस्त झालेल्या प्रत्येक मोटारीला तांब्याच्या तारेनं एक पुठ्ठा बांधू लागले आणि त्यावर चार ओळी लिहू लागले. पहिली कविता मला अजून पाठ आहे, कारण ती विसरायचे माझे सगळे प्रयत्न फसले:

मोटार तापली, बंद करा,
थंड होऊ द्या घडीभर.
डोकं तापलं, बंद नका करू,
येऊन बोला घडीभर.

महाळुंगे पडवळचे एक बागाईतदार हा पुठ्ठा गॅरंटीकार्ड समजून वर्षभर कपाटात जपून ठेवून होते. मोटार पुन्हा जळाली तेव्हा तो घेऊन भांडायला आले. “ह्याच्यात तर लिवलंय येऊन बोला म्हनून!” मामांनी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि मोटारीऐवजी घरात पोरगं कसं आहे ते विचारलं. पुढे मामांना पुठ्ठाही अपुरा पडू लागला. मग त्यांनी शेताशेतातल्या, मोटार चालू करायच्या स्टार्टरच्या पेट्यांच्या दारांवर आतल्या बाजूनं ऑइलपेंटनं कविता रंगवल्या. पेटी का, असं मी विचारलं, तर म्हणाले, “पावणं, शाळेच्या भितीवर लिवलं तर पोरं घोळक्यानं वाचत्यात अन् हसत्यात. मळ्यात पोरगं एकलंच असतं. जिथं एकलं असतं तिथं कविता पायजे.” हे वाक्य मात्र त्यांच्या सगळ्या कवितांपेक्षा सरस होतं, हे मी तेव्हाच कबूल केलं होतं.

पुढे दोन हजार सालानंतर मोबाइल आले आणि मामांना रान मोकळं मिळालं. रोज सकाळी सहाला ते इंग्रजी अक्षरांत मराठी कविता टाइप करायला बसायचे आणि सातला ती सगळ्यांना पाठवायचे. सगळ्यांना म्हणजे अक्षरशः सगळ्यांना, कारण फोनमधून पोरांची नावं वेगळी काढायची कशी हे त्यांना ठाऊक नव्हतं. ‘एकटं वाटतंय का, मला सांग, लाजू नको’ अशी ओळ एके दिवशी ग्रामसेवकाला, तांब्याच्या तारेच्या व्यापाऱ्याला आणि गावच्या सरपंचालाही गेली. व्यापाऱ्यानं उलट फोन करून शिव्या घातल्या. सरपंचांचा फोन आला तेव्हा मामा घाबरले होते, पण सरपंच अर्धा तास बोलत होते आणि मामा नुसतं “हां... हां...” करत होते. काय बोलणं झालं ते त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर मात्र त्यांनी यादी वेगळी करण्याचा नाद सोडला.

त्यांचा नियम एकच होता. कविता आवडो न आवडो, ज्याला मिळेल त्यानं पोच द्यायची. मग मंचरच्या सायबर कॅफेतल्या पोरानं त्यांना मैत्रीच्या एका साइटवर नेऊन बसवलं. तिथे फोटोच्या जागी मामांनी पाच हॉर्सपॉवरची मोटार लावली. पोरंपोरी तिथे गॉगल लावून, मोटारसायकलला टेकून काढलेले फोटो टाकायची, आणि त्याखाली चारचौघांत मामा लिहून जायचे, “जेवला का? झोप लागती का?” माझ्या एका वर्गमित्रानं एका मुलीवर छाप पाडायला इंग्रजीत काहीतरी भारदस्त लिहिलं होतं, त्याच्याखालीही हेच. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. पण पोरं त्यांना यादीतून काढत नसत, याचं मला नवल वाटायचं. रविवारी दुकानासमोर कधी जुन्नरची, कधी घोडेगावची अनोळखी मोटारसायकल लागलेली असायची आणि आत कुणीतरी खाली मान घालून बसलेलं असायचं. मामा तार गुंडाळत ऐकत असायचे.

मी मात्र रोज पोच द्यायचो ती चिरफाड करूनच. मामांच्या यमकाची एक खोड होती. ते त्याच शब्दाशी तोच शब्द जुळवत. मी लिहायचो, “मामा, याला यमक म्हणत नाहीत, याला आळस म्हणतात.” ते उत्तर द्यायचे, “दुसरा शब्द सापडला न्हाई, पावणं. तुमच्याकडं आसंल तर द्या.” असा दोन-तीन वर्षं आमचा सकाळचा खेळ चालला.

त्या काळात मी जुन्नरला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होतो. तिसऱ्यांदा यादीत नाव आलं नाही. बरोबरचे दोघं गाठोडी बांधून गावी गेले, मी मात्र घरी ‘निकाल अजून लागायचाय’ असं सांगून खोलीतच पडून राहिलो. जेवण नाही, आंघोळ नाही. आपण नसलो तर सगळ्यांचीच सुटका होईल, हा विचार आधी पाहुण्यासारखा यायचा, मग तो राहायलाच आला. दहाव्या की बाराव्या दिवशी सकाळी फोन वाजला:

काल गेला, जाऊ द्या त्याला,
आज आलाय, चहा पाजा त्याला.
उद्याचं काय ते उद्या बघू,
आधी भूक लागलीय का बघू.

मी पोच दिली, “छान आहे.” आणि फोन उशाखाली सरकवला.

अकराच्या सुमाराला दारावर थाप पडली. दारात मामा उभे होते, नारायणगावच्या रस्त्याची धूळ भुवयांपर्यंत, हातात पान्ह्यांची पिशवी. आत आले, वर पाहिलं आणि माझा करकरणारा पंखा उतरवायला घेतला. मी विचारलं, “मामा, अचानक?”

“तुमी कवितेला छान म्हनले.”

“मग?”

“आजतागायत कधी म्हनलाय का? अन् ती छान व्हती का?”

“नव्हती,” मी म्हणालो.

“मला बी म्हाईत हाये. म्हनूनच दुकान उघडलं न्हाई. आता बोला. हात चालू असले का मला जास्ती ऐकू येतं.”

ते पंखा खोलत राहिले आणि मी बोलत राहिलो. मध्येच मला रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन. त्यांनी वर पाहिलं नाही, फक्त पुसायचं फडकं माझ्याकडे सरकवलं. त्याला ग्रीस होतं. सगळं संपल्यावर म्हणाले, “पावणं, मोटार मी भरतो, मानसाचं मला जमत न्हाई. त्याला पुण्यात डागदर हाये. सकाळी जाऊ.”

“मी वेडा नाही, मामा.”

“येडा कोन म्हनतंय? येडं तर मला म्हनत्यात समदी, मला कुठं कोन घेऊन गेलं?”

सकाळी आम्ही एसटीनं पुण्याला गेलो. दवाखान्यात नंबर यायला दोन तास लागले. तेवढ्या वेळात मामांनी तिथे बसलेल्या सगळ्यांना कविता ऐकवली. एक मुलगी महिन्यानं हसली असं तिची आई म्हणाली. कवितेवर हसली की कवीवर, ते मी विचारलं नाही. गोळ्या आठ महिने चालल्या, डॉक्टरांकडे जाणं वर्षभर, आणि प्रत्येक वेळी मामा बरोबर होते.

आता मी एका शाळेत मराठी शिकवतो, यमकासकट. ती साइट ओस पडलीय, पोरं दुसरीकडे गेली, आणि मामांच्या डोळ्यांना फोनवरची अक्षरं दिसत नाहीत. सकाळी सातला हल्ली काहीच येत नाही. त्या दिवशी ते आले नसते तर मी आज नसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण हे मी त्यांना कधी तोंडानं सांगितलेलं नाही. ते त्यावर चार ओळी करतील, ‘नसतो’ला ‘नसतो’ जुळवतील, आणि ते ऐकताना मला पुन्हा रडू येईल, अशी धास्ती वाटते. पण मोटार न्यायला आलेल्या त्या बापाला त्याच्या मुलानं सांगितलं नव्हतं, आणि मीही तेच करत आलोय. या रविवारी निरगुडसरला जाऊन सांगून येतो.