भोंगेवाल्या मॅडम

"कोनाच्या भरवशावर?" कुणी प्रोग्राम दाखवला की चष्मा कपाळावर सरकवत मॅडम एवढंच विचारायच्या. समोरच्याचा प्रोग्राम तिथेच आजारी पडायचा.

चंद्रपुरातल्या आमच्या छोट्या कंपनीत त्या ड्रायव्हर लिहायच्या. गाडीचा नव्हे, यंत्राच्या आतला, त्याचे भाग चालवणारा प्रोग्राम. आमच्या घरमालकांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. भेटल्या की ते त्यांना नागपूरचं भाडं विचारत.

आम्ही मोहर्लीकडच्या गावांसाठी पेट्या बनवायचो. जंगलकडेच्या कॅमेऱ्याला वाघ दिसला की पेटीने भोंगा वाजवायचा. पण पेटी मधूनच गार पडायची. त्यावर आमच्याकडे उच्च तंत्रज्ञान होतं: बंद करून चालू करणे. कंपनीच्या मालकांनी लिंबू-मिरचीही बांधून पाहिली.

एका संध्याकाळी पेटी गार असतानाच एका गावात वाघ आला आणि अंगणातलं वासरू घेऊन गेला. शेजारीच त्या घरची म्हातारी भांडी घासत होती.

"पेटी मिनिटभरात आपोआप चालू होईन असं करून टाका, झालं!" मालक म्हणाले.

"वाघाले सांगता का तुमी, मिनिटभर थांब म्हनून?" मॅडमनी विचारलं.

दोष मॅडमनीच शोधला. कॅमेऱ्याचा प्रोग्राम ड्रायव्हरला मेमरीतला पत्ता द्यायचा, फोटो इथे आहे म्हणून. ड्रायव्हर न तपासता थेट तिथे घुसायचा, तेही कर्नलच्या, म्हणजे यंत्राच्या गाभ्याच्या, अधिकारात. पत्ता बहुतेकदा खरा असायचा. खोटा निघाला की प्रोग्राम एकटा मरत नसे. गाभाच कोसळायचा आणि सोबत भोंगाही. त्या ओळीशेजारी कुणा थोर पुरुषाने लिहून ठेवलं होतं: 'चालतंय.'

मॅडमनी ते घुसणं बंद केलं. आधी पत्ता तपासायचा, मग माहिती जपून उतरवून घ्यायची. जमलं नाही तर प्रोग्रामला 'चूक' सांगून परत पाठवायचं. मग दोन पेट्या मालकांपुढे ठेवल्या.

"टाका कोनताबी पत्ता."

मालकांनी स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. जुनी पेटी गार. नव्या पेटीने 'चूक' म्हटलं आणि ती जिवंत राहिली. मॅडमनी भोंग्याचं बटण दाबलं, तर खालच्या चहावाल्याने शटर ओढलं.

"मंजे आपला माल मुळात चांगलाच होता," मालक म्हणाले.

गावोगाव जाऊन पेट्या मॅडमनीच बदलल्या. कौतुकाचा हार मालकांच्या गळ्यात पडला आणि मॅडम हैदराबादला निघून गेल्या.

परवा मी वासरू गेलं होतं त्या गावात होतो आणि भोंगा वाजला. बायका मोहफुलांच्या टोपल्या टाकून घराकडे पळाल्या. म्हातारीने मला दंडाला धरून आत ओढलं, कडी घातली.

"त्या बाईले फोन लाव, भाऊ," ती धापा टाकत म्हणाली. "सांग, वाजते म्हना."

मी लावला. मॅडम काहीतरी बोलल्या, पण भोंग्यापुढे मला एक अक्षर ऐकू आलं नाही.