प्रमुख पाहुण्यांचे आभार मानताना

आमच्या घरात बातम्या नुसत्या बघितल्या जात नसत, त्यांच्याशी भांडलं जाई. नऊ वाजता टीव्ही लागला की सोफ्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला नवरा. मंत्र्याने तोंड उघडलं की मी "अरे गाढवा!" अशी सुरुवात करायची आणि नवऱ्याने मंत्र्याचं वकीलपत्र घ्यायचं. मी हॉस्पिटलात लहान मुलांची डॉक्टर, तो जी.पी., म्हणजे गावचा फॅमिली डॉक्टर. (तोंडावर 'अहो', कागदावर 'तो', एवढी सवलत मी घेते.) दिवसभर पेशंटपुढे इतकं गोड बोलायचं म्हणजे संध्याकाळी कुठेतरी वाफ बाहेर पडायलाच हवी. वेल्समध्ये कार्डिफपासून अर्ध्या तासावर आमचं गाव, घरं एकमेकांना चिकटलेली. शेजारची वेल्श आजी एकदा म्हणाली की तिला हल्ली बातम्या लावाव्याच लागत नाहीत, जगात काय चाललंय ते आमच्या भिंतीतून कळतं.

१९९६ साली मात्र हे भांडण खरंच पेटलं. मार्चमध्ये स्कॉटलंडमधल्या एका प्राथमिक शाळेत शिरून एका माणसाने पिस्तुलांनी लहान मुलं मारली. मी रोज ज्यांचे कान आणि घसे तपासते त्या वयाची मुलं. त्या दिवशी मी वॉर्डात कशीबशी उभी होते. आणि आमच्या गॅरेजमध्ये, भिंतीला बोल्ट केलेल्या पोलादी कपाटात, नवऱ्याचं पिस्तूल होतं. पुण्याला कॉलेजात असताना एन.सी.सी.मध्ये त्याला नेमबाजीची गोडी लागली, ती इथे रविवारच्या पिस्तूल क्लबात जाऊन तो पुरवून घेई. लायसन होतं, पोलीस येऊन कपाट तपासून जात, सगळं रीतसर. कागदावरच्या वर्तुळांखेरीज त्याने कशालाही इजा केलेली नव्हती. पण सगळीकडे पिस्तुलांवर बंदीची मागणी सुरू झाली आणि घरात मी तिची पुढारी. "मी काय केलंय?" हा त्याचा प्रश्न आणि "ते आधी पोलिसांना देऊन या" हे माझं उत्तर. टेबलावर आमटी गार व्हायची. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि पिस्तूल गेलंच, पण तोवर आमचं तोंड बंद झालं नाही.

त्याच ईस्टरला लेक घरी आली. मँचेस्टरला युनिव्हर्सिटीत शिकत होती. मी भांडी घासत होते, ती पुसत होती.

"आई, आय हॅव टु टेल यू समथिंग. मला एक मुलगी आवडते. आवडते म्हणजे, यू नो, प्रॉपरली."

खोटं कशाला सांगू, आधी घाबरलेच. लोक काय म्हणतील, हिचं कसं होणार, सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. पण त्याच्या मागोमाग असा काही आनंद उसळला की काय सांगू! हिने मला सांगितलं! आपली मुलगी आपल्यापाशी मन मोकळं करते, ह्याहून आईला आणखी काय हवं? मी साबणाच्या हातांनीच तिला मिठी मारली. तिचा स्वेटर भिजला, दोघी हसायला लागलो.

"बाबांना मी सांगणार," ती म्हणाली. "तू नाही. प्रॉमिस?"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तिला पक्कं माहीत, म्हणून प्रॉमिस पुन्हा पुन्हा घेतलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगते म्हणाली.

उन्हाळा आला आणि घोडं एका माणसाच्या लेखांपाशी अडलं. आमच्या भागातून पार्लमेंटला उभं राहण्याच्या तयारीत असलेले एक गृहस्थ होते. स्थानिक पेपरात दर आठवड्याला लिहायचे. त्यांनी पिस्तूलवाल्यांची बाजू घेऊन एक लेख लिहिला, त्याचा मथितार्थ असा: हे थोडे लोक आहेत, ते कोणाच्या अध्यात ना मध्यात, मग केवळ बहुसंख्यांना त्यांची आवड आवडत नाही म्हणून कायद्याने ती का हिरावून घ्यायची? नवऱ्याला वाटलं, कोणीतरी आपल्या मनातलं बोललं. त्याने ते कात्रण फ्रिजवर लावलं, माझ्या डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर.

पुढच्याच आठवड्यात ह्याच गृहस्थांनी गे लोकांबद्दल लिहिलं. त्यांना सैन्यात घेऊ नये, शाळांत त्यांचा विषय काढू नये, थोड्यांच्या खुळापायी सगळ्या समाजाने का बदलायचं, वगैरे. मी नाश्त्याच्या टेबलावरच पेटले. नवऱ्याने ते पान उलटलं आणि शब्दकोडं सोडवायला घेतलं. वाद नाही, हो नाही, नाही नाही. हे लेकीने समोर बसून बघितलं आणि त्या सुट्टीत ती बाबांना काही बोलली नाही.

सप्टेंबरात गणपती. नवरा त्या वर्षी आमच्या महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष. आता मंडळाचा कार्यक्रम म्हटला की प्रमुख पाहुणे पाहिजेतच. पाहुण्यांवाचून आपल्याला गणपतीसुद्धा बसवता येत नाही. शाल, श्रीफळ, दोन शब्द, आभारप्रदर्शन, मग आरती आणि जेवण, हा क्रम सातासमुद्रापलीकडेही कोणी बदललेला नाही. नवऱ्याने कोणाला बोलवावं? त्या गृहस्थांना.

"अहो, दुसरं कोणी मिळालं नाही तुम्हाला?"

"इलेक्शन येतंय. उद्या हॉलसाठी कौन्सिलला काही सांगायचं झालं तर ओळख नको?"

आणि आभारप्रदर्शन कमिटीने माझ्यावर टाकलं, कारण ते काम कोणालाच नको असतं. त्या वेळेला मसालेभाताचा वास सुटलेला असतो आणि निम्मा हॉल उठून उभा असतो. घरचंच माणूस आहे, पटकन उरकेल, असा हिशेब.

लेक त्यासाठी मँचेस्टरहून आली. साडी नेसवून घेताना माझ्याकडे न बघताच म्हणाली, "त्या माणसाला बाबांनी क्लॅप केलं ना आई, तर मी त्यांना नाही सांगणार. एव्हर. आणि मग दिवाळीला पण मी नाही येणार. हाऊ कॅन आय?"

मी निऱ्या धरून तशीच बसले. ही धमकी देत नव्हती. धमकी असती तर मी तिला रागावले असते. तिचा आवाज अगदी थकलेला होता, आणि त्यानेच मी घाबरले.

शाळेच्या हॉलमध्ये टेबल टेनिसच्या टेबलावर जरीची साडी अंथरून गणपती बसवला होता. पाहुणे उंच, हसतमुख, वागायला अतिशय सभ्य. वाईट माणूस समोर आला की चिडायला सोपं जातं, हे तर नारळ दोन्ही हातांत धरून असे कौतुकाने बघत होते की मलाच ओशाळल्यासारखं झालं. भाषणही गोड. आधी आमच्या जेवणाच्या वासाचं कौतुक. मग मंडळाच्या अध्यक्षांकडे बघून पिस्तूल क्लबांबद्दल एक वाक्य, तेच, थोड्या लोकांच्या सुखाचं. मग म्हणाले की तुमच्या समाजाकडून आम्हाला पुष्कळ शिकण्यासारखं आहे. तुमची कुटुंबं भक्कम आहेत. हे गे राइट्सचं वारं तुमच्या घरांत शिरलेलं नाही, ते तसंच बाहेर ठेवा.

आणि हॉलने टाळ्या वाजवल्या! मला माहीत आहे, निम्म्यांनी ऐकलंच नव्हतं. पाहुणे थांबले की टाळी वाजवायची हे आपल्याकडे लहानपणीच अंगात मुरतं. पण स्टेजवर पाहुण्यांच्या शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याचेही हात वर आले. वाजवल्या त्याने टाळ्या. मी शेवटच्या रांगेकडे बघितलं. लेक उठली होती. खुर्चीच्या पाठीवरचा लाल कोट तिने उचलला आणि दाराकडे निघाली.

तेवढ्यात माइकवरून माझं नाव पुकारलं गेलं.

मी स्टेजवर चढले की धावले, आठवत नाही.  एकच गोष्ट डोक्यात होती, ती दाराबाहेर पडायच्या आत बोलायचं. हॉलच्या केअरटेकरचे, मोदक करणाऱ्या बायकांचे, माइकवाल्याचे आभार मी अशा वेगाने मानले की लोक हसले. मग पाहुण्यांसाठी इंग्रजीकडे वळले.

म्हटलं, पाहुण्यांचे मला विशेष आभार मानायचे आहेत. त्यांनी आज आम्हाला एक फार सुंदर नियम दिला. थोडे लोक असतील, त्यांनी कोणाचं काही बिघडवलेलं नसेल, तर बाकीच्यांना आवडत नाही म्हणून त्यांचं सुख काढून घेऊ नये. आमच्या घरात पिस्तूल आहे आणि मी स्वतः बंदीच्या बाजूची आहे, कारण पिस्तूल चुकीच्या हातात गेलं की लेकरं मरतात. तरी नियम मला पटला. फक्त एक विनंती आहे. ज्यांच्या हातात पिस्तूल आहे त्यांना जर हा नियम लागू होतो, तर ज्यांच्या हातात दुसऱ्या माणसाच्या हाताशिवाय काहीच नाही, त्यांना तो आधी लागू करा. ते वारं बाहेरून शिरत नाही हो. ती आमची मुलं आहेत, आमच्याच घरात जन्मतात.

 पाहुण्यांचं हसू जागच्या जागी थांबलं होतं. माझ्या लक्षात आलं की पुढच्या रांगेतल्या आज्यांना ह्यातलं काहीच कळलेलं नाही. मग मराठीकडे वळले. समलिंगी हा शब्द मला तेव्हा वैद्यकाच्या पुस्तकातला वाटायचा, म्हणून सरळ म्हटलं, "कुठल्या मुलीला मुलगी आवडते, कुठल्या मुलाला मुलगा. आपल्याही घरात असेल असं कोणी. त्यांनी जायचं कुठे? ह्या हॉलमध्ये त्यांनाही पान वाढलेलं असावं, एवढंच. धन्यवाद."

टाळ्या पडल्या नाहीत. दोन सेकंद असे गेले की मला वाटलं आता स्टेजच खाली जातं. मग पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी, कशाला कोण जाणे, खणखणीत आवाजात आरती सुरू केली आणि सगळा हॉल सुटल्यासारखा त्यात शिरला. आरतीला टाळ्या वाजवाव्याच लागतात. मीही वाजवल्या, आणि खरं सांगते, मला नाचावंसं वाटत होतं. दाराशी लाल कोट दिसत होता. कोट अजून हातातच होता, ती गेली नव्हती.

आरती संपल्यावर पाहुणे जेवायला थांबले नाहीत. दुसरीकडे जायचंय म्हणाले, माझ्याशी हात मिळवला, शाल खांद्यावर तशीच ठेवून बाहेर पडले. नवरा तरातरा माझ्याकडे आला. मी लेकीजवळ पोचले होते.

"माझं आर्ग्युमेंट! माझंच आर्ग्युमेंट घेऊन माझ्याच पाहुण्याला?" त्याचा चेहरा लाल झाला होता. "काय गरज होती? कोणासाठी बोललीस एवढं?"

मी तोंड मिटून घेतलं. आयुष्यात इतकं जड कधी गेलं नाही. प्रॉमिस म्हणजे प्रॉमिस.

"माझ्यासाठी, बाबा," लेक म्हणाली. "आय ॲम गे. आईला ईस्टरपासून माहिती आहे. तुम्हाला सांगणार होती मी, पण तुम्ही क्लॅप केलं."

पंगतीच्या पत्रावळी मांडल्याचा आवाज येत होता.  नवऱ्याने चष्मा काढला, झब्ब्याला पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं आता ओरडेल. आवाज निघाला तो अगदी बारीक.

"हिला आधी सांगितलंस? मला नाही?"

आणि उत्तराची वाट न बघता तो दार ढकलून बाहेर गेला. लेकीने माझं मनगट घट्ट धरलं. काचेतून कार पार्क दिसत होता. तो धोतर सावरत जवळजवळ पळत होता. पाहुणे गाडीत बसत होते. त्याने गाडीच्या छतावर हात ठेवला आणि वाकून काहीतरी बोलायला लागला. माझा नवरा, जो घराबाहेर कधी कोणाला मोठ्याने बोलला नाही, हात हलवून बोलत होता. एकदा त्याने वळून सरळ आमच्या दाराकडे बोट दाखवलं. मग गाडी निघून गेली.

तो धापा टाकत परत आला.

"काय म्हणालात त्यांना?" मी विचारलं.

"म्हटलं, थँक यू फॉर कमिंग. आणि म्हटलं, दारात लाल कोट घेतलेली मुलगी दिसते ना, ती माझी मुलगी आहे. तुम्ही बोललात ते तिच्याबद्दल होतं आणि त्याला मी टाळ्या वाजवल्या, त्या मी परत घेतो."

लेक रडायला लागली. मीही. तो आमच्या दोघींच्या मध्ये अवघडून उभा राहिला, हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना. मग घसा साफ करून त्याने तिला विचारलं, "नाव काय तिचं?"

तिने सांगितलं. वेल्श नाव होतं, आपल्या जिभेला अजिबात न वळणारं. त्याने ते चुकीचं म्हटलं. तिने दुरुस्त केलं. त्याने पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. आतून जेवायला हाका येत होत्या, लोक आमच्याकडे वळून वळून बघत होते, आणि माझा नवरा दारात उभा राहून ते नाव म्हणत राहिला, बरोबर येईपर्यंत.